व्ही-आय-आरचा त्रिकोण येतो पण समीकरण सुटत नाही: एका आयटीआय इलेक्ट्रिशियनची कॉलेजच्या गणिताची तयारी

आयटीआय करून डिप्लोमाला जाणाऱ्या पोरांचं गणित कुठे अडतं यावर बोलताना सगळे "बेस कच्चा आहे" एवढं म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. कच्चा म्हणजे नक्की काय कच्चं, हे वहीतल्या ओळीवर बोट ठेवून कोणी सांगत नाही, आणि जोवर ते सांगत नाही तोवर पोरगं बिचारं दहावीचं पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचत बसतं किंवा "आपल्याला गणित जमत नाही" म्हणून सोडून देतं. म्हणून एकाच मुलाचं प्रकरण इथे सविस्तर लिहितेय. त्याला विचारूनच लिहितेय, नाव देत नाही.

मुलगा मूळचा बीड जिल्ह्यातला. दहावी २०१९ ला मराठी माध्यमातून, मग इलेक्ट्रिशियन ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय, त्यातला बराच काळ लॉकडाऊनमध्ये गेला, म्हणजे वर्कशॉप कॅल्क्युलेशनचा विषय मोबाईलवर ऐकून पास झालेला. नंतर अप्रेंटिसशिप, आणि मग चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. हात एकदम चांगला. पॅनेल उघडून फॉल्ट शोधायचा असेल तर त्याचे सुपरवायझरसुद्धा त्याला बोलवतात. त्याला डिप्लोमा करायचा होता, पुढे जमलं तर डिग्री. पैसे साठवून पुढच्या पावसाळ्यात नोकरी सोडायची आणि इलेक्ट्रिकलला थेट सेकंड इयरला ॲडमिशन घ्यायची असं ठरवून तो दिवाळीनंतर माझ्याकडे आला. मी डिप्लोमाच्या मुलांना गणित शिकवते, त्याच्या रूमवरचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, त्याच्यासोबत.

हा थेट सेकंड इयरचा रस्ता काय आहे ते आधी सांगते, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. छान सोय आहे, माझ्या मते तर नोकरी करणाऱ्या घरच्या मुलांसाठी यापेक्षा चांगली सोय नाही. पण डिप्लोमाचं गणित असतं पहिल्या वर्षाला! लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, ट्रिगनॉमेट्री, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, हे सगळं पहिल्या वर्षात होऊन जातं आणि दुसऱ्या वर्षाचे विषय ते येतंच असं धरून चालतात. मग डिप्लोमा झाला की डिग्रीलाही थेट सेकंड इयर, तिथे परत पहिल्या वर्षाचं एम-१, एम-२ (इंजिनिअरिंग मॅथ्सचे पहिले दोन पेपर) सुटतं आणि समोर येतं एम-३, त्यात लाप्लास, म्हणजे डिफरन्शियल समीकरणं साध्या बीजगणितात आणून सोडवायची पद्धत. म्हणजे दोनदा पायरी सुटते, आणि दोन्ही वेळा सुटलेली पायरी गणिताचीच असते. एखादा मुलगा फक्त दहावीच्या बीजगणितावर लाप्लासपर्यंत येऊन उभा राहू शकतो, आणि मग मागच्या बाकावर बसून फक्त उतरवून घेतो. असे मी पुष्कळ पाहिलेत.

आणि दहावीचं बीजगणित तरी किती पक्कं? दहावीला गणिताचे दोन पेपर, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, वर अंतर्गत २०, दोन्ही मिळून पास व्हायचं. बीजगणितात सहा प्रकरणं, दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. यातली शेवटची तीन आणि श्रेढीची दोन सूत्रं एवढ्यावर अवयव पाडता न येता, कंस नीट सोडवता न येताही मुलगा आरामात पास होतो. हा मुलगा तसाच पास झाला होता, गणितात चाळीसच्या घरात मार्क. यात त्याचा काही दोष नाही, पेपरने जे मागितलं ते त्याने दिलं.

पहिल्या दिवशी काय दिसलं

मी त्याला एक पानभर उदाहरणं दिली, सातवी ते दहावीची मिसळलेली, वेळ लावला नाही, कॅल्क्युलेटर दिला. मला बरोबर किती आली ते बघायचं नव्हतं, चुकताना काय लिहितो ते बघायचं होतं, म्हणून खोडायचं नाही एवढी एकच अट.

३क्ष + ५ = २० त्याने डोळ्यानेच सोडवलं, क्ष = ५. छान. मग −३क्ष = १२. इथे लिहिलं क्ष = १२ + ३ = १५. का? तर "बाजू बदलली की चिन्ह बदलतं मॅडम, वजा तीन पलीकडे गेला की अधिक तीन". मग ५ − २(क्ष − ३) = १. याचं त्याने केलं ५ − २क्ष − ६ = १, आणि उत्तर क्ष = −१. (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९. (क्ष + ६)/६ म्हणजे सहाने सहा उडवून क्ष. १/२ + १/३ आकड्यांत बरोबर केलं, ५/६, पण १/अ + १/ब दिल्यावर २/(अ + ब).

हे बघून कोणी म्हणेल की पोराला काहीच येत नाही. मला तसं वाटलं नाही. नीट बघितलं तर या सगळ्या चुकांत एक सारखेपणा आहे, त्याला नियम आठवतात पण तो नियम कुठे चालतो कुठे नाही हे तपासायचं साधन त्याच्याकडे नाही. आकडे असले की त्याला अंदाज असतो, अक्षर आलं की अंदाज बंद आणि फक्त पाठ केलेलं वाक्य चालू.

मग मी त्याच्या ट्रेडमधला प्रश्न विचारला. व्ही, आय, आर (व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स) मधली दोन दिली तर तिसरं काढतोस का? लगेच त्रिकोण काढला, वर व्ही, खाली आय आणि आर, बोटाने एक झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. आयटीआयला सगळ्यांना हाच शिकवतात आणि तो कामाचा आहे, वाईट नाही. पण त्रिकोण फक्त "एक बरोबर दोघांचा गुणाकार" एवढ्याच आकाराच्या सूत्राला चालतो. मी पुढे विचारलं, पॅरलल रेझिस्टन्सचं सूत्र लिही. त्याने बरोबर लिहिलं, १/आर = १/आर१ + १/आर२. म्हटलं आता आर किती? तो थांबला, मग सगळं उलटं केलं: आर = आर१ + आर२.

"दहा ओहमचे दोन पॅरलल लावले तर किती येतात?" 
"पाच." 
"आणि तुझ्या या ओळीने?" 
"वीस." मग बराच वेळ वहीकडे बघत बसला आणि म्हणाला, "हे तर सिरीजचं झालं."

त्या क्षणी मला कळलं की या मुलाला काय द्यायचं. त्याला हाताने माहीत होतं की पॅरललला रेझिस्टन्स कमी होतो, स्वतःची ओळ चुकली हे त्याने स्वतःच ओळखलं, फक्त अक्षरांनी लिहिलेल्या ओळीला असं तपासता येतं हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आकडा टाकून बघ

इलेक्ट्रिशियन टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात लावत नाही, मेन बंद आहे असं दुसऱ्याने सांगितलं तरी लावत नाही. मी म्हटलं, ओळीचंही तसंच कर. वरची ओळ आणि खालची ओळ, दोन्हीत अक्षराच्या जागी एकच आकडा टाक, दोन्हीकडे सारखं आलं तर पुढे जा, नाही आलं तर याच दोन ओळींच्या मध्ये फॉल्ट आहे, बाहेर शोधू नकोस.

पहिल्यांदा त्याने (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही ओळ तपासायला घेतली आणि क्ष = ० टाकलं. दोन्हीकडे ९. "बरोबर आलं मॅडम!" हे होतंच, जवळपास प्रत्येक मुलगा सोपा म्हणून शून्यच घेतो. शून्य घेतला की मधलं ६क्ष गायब होतं त्यामुळे चूक दिसतच नाही. एक घेतला तर क्ष आणि क्ष² मधला फरक दिसत नाही, दोन घेतला तर २क्ष आणि क्ष² दोन्ही चारच. म्हणून ०, १, २ वर्ज्य. १० घ्यायचा, हिशोब सोपा पडतो. १० टाकल्यावर डावीकडे १६९, उजवीकडे १०९. साठ कमी पडले, आणि ते साठ म्हणजेच ६क्ष. हे त्याने स्वतः ओळखलं, मी काही बोलले नाही.

तीच गोष्ट ५ − २(क्ष − ३) ची. क्ष = १० ठेवला तर ५ − १४ म्हणजे −९. त्याच्या ओळीने ५ − २० − ६ म्हणजे −२१. बरोबर ओळ ११ − २क्ष, तिथे −९ येतं. वजा कंसात गेला की आतल्या दोघांनाही लागतो हे वाक्य त्याने शाळेत शंभरदा ऐकलेलं असणार, पण −२१ आणि −९ शेजारी शेजारी बघितल्यावर ते त्याचं झालं.

यात माझा एक ठाम आग्रह होता, तो सांगते. मी बरोबर-चूकची खूण करायचीच नाही असं ठरवलं. तो "बरोबर आहे का?" विचारायचा, मी म्हणायचे "टाकून बघ". सुरुवातीला त्याला याचा राग यायचा, वेळ जातो म्हणून, आणि वेळ जातोच, एका उदाहरणाला दुप्पट. पण कॉलेजच्या वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, तिथे त्याच्या वहीतली तिसरी ओळ चुकली हे सांगायला कोणी येणार नाही. स्वतःची चूक स्वतःला सापडणं ही त्याची सगळ्यात मोठी गरज होती, बाकीचं पुस्तकात आहेच.

पुस्तक म्हणून मी बालभारतीची सातवी आणि आठवीची गणिताची पुस्तकं दिली, पीडीएफ फुकट मिळतात. सातवीत बैजिक राशी आणि वर्गाचे विस्तार, आठवीत विस्तारसूत्रं, अवयव, बहुपदींचा भागाकार, समीकरणं. त्याला आधी लाज वाटली, एकवीस वर्षांचा माणूस सातवीचं पुस्तक काय वाचणार, कंपनीच्या बसमध्ये तर नाहीच. मोबाईलवर आहे, कव्हर कोणाला दिसतंय, असं म्हटल्यावर तयार झाला. शिफ्ट बदलायच्या, नाईट असली की त्या आठवड्यात नवीन काहीच घ्यायचं नाही, जुनीच उदाहरणं करायची, हे आम्ही ठरवून टाकलं, आणि मला वाटतं त्यामुळेच तो टिकला. थकलेल्या डोक्याने नवीन शिकायला गेलं की फक्त आपल्याला जमत नाही एवढंच शिकून माणूस उठतो.

सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला

कंस, चिन्हं, अपूर्णांक हे तसं लवकर झालं. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य मात्र मी त्याच्याकडून पूर्ण बंद करवलं. त्याऐवजी प्रत्येक ओळीच्या शेजारी लिहायचं, दोन्ही बाजूंना काय केलं. −३क्ष = १२, शेजारी "÷ (−३)", खाली क्ष = −४. बस. काही आठवड्यांनी ते शेजारचं लिहिणं आपोआप सुटलं.

खरा वेळ खाल्ला एका वेगळ्याच गोष्टीने. २क्ष/३ + क्ष/२ ला सोपं रूप द्या, असं उदाहरण होतं. त्याने सहाने गुणलं, छेद उडवले, ४क्ष + ३क्ष, उत्तर ७क्ष. आकडा टाकायला लावला, क्ष = ६ घेतला, वर ४ + ३ म्हणजे ७, खाली ४२. चूक आहे हे दिसलं पण का ते त्याला कळेना, कारण आदल्याच दिवशी २क्ष/३ + क्ष/२ = ७ हे समीकरण त्याने नेमकं असंच सहाने गुणून सोडवलं होतं आणि ते बरोबर होतं! मग आज चूक कसं?

हा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर शाळेत फारसं कोणी देत नाही. समीकरणाला दोन बाजू असतात, दोन्हींना सहाने गुणलं की बरोबरी तशीच राहते. नुसती राशी असेल तर दुसरी बाजूच नाही, तिला सहाने गुणलं की ती सहापट झाली, संपलं, किंमत बदलली. राशीला तुम्ही फक्त वेगळ्या रूपात लिहू शकता, ७क्ष/६, तिची किंमत बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. आणि तपासायची पद्धतही वेगळी, राशीत कुठलाही आकडा टाकला तरी वरची आणि खालची ओळ जुळली पाहिजे, समीकरणात मात्र फक्त उत्तराचाच आकडा टाकून दोन्ही बाजू जुळतात. क्ष = १० टाकून "समीकरण चुकीचं आहे" असं तो एकदा म्हणाला होता ते याच गोंधळातून.

यावर आम्ही बरेच दिवस थांबलो. एका पानावर मिसळून उदाहरणं, काही राशी काही समीकरणं, सोडवायची नाहीतच, फक्त शेजारी लिहायचं, यात छेद उडवता येतील की नाही. हा सराव कुठल्या पुस्तकात मला सापडला नाही पण मी सगळ्यांना सांगेन की करून घ्या, कारण पुढे डेरिव्हेटिव्हपर्यंत हाच गोंधळ मुलांना छळतो.

दीड अँपिअर आला कुठून

मग अक्षरांची सूत्रं फिरवायची वेळ आली. आकडे दिले की त्याला जमायचं, सगळी अक्षरं ठेवून कर म्हटलं की नको वाटायचं. त्याला वाटायचं अक्षरं ठेवली म्हणजे उत्तर आलंच नाही.

कंपनीत मोटर किती करंट घेईल याचा अंदाज ते "एचपीला दीड अँपिअर" असा लावतात, थ्री फेज ४१५ व्होल्टला. हा आकडा सगळ्यांना पाठ, कुठून आला कोणाला विचारायची गरज पडत नाही. मी म्हटलं काढूया. सूत्र त्याला येत होतं, मोटरने शाफ्टला दिलेली पॉवर = √३ × व्ही × आय × पॉवर फॅक्टर × एफिशियन्सी. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला किती भाग खऱ्या पॉवरमध्ये येतो, एफिशियन्सी म्हणजे त्यातली किती शाफ्टला पोचते. यात आय हवा. गुणाकारच आहे सगळा, पण पाच गोष्टींचा, त्रिकोणात बसत नाही. दोन्ही बाजूंना आय सोडून उरलेल्या सगळ्यांनी भागलं, आय = पॉवर ÷ (√३ × व्ही × पॉवर फॅक्टर × एफिशियन्सी). मग एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पॉवर फॅक्टर ०.८५ आणि एफिशियन्सीही ०.८५ धरली. खाली १.७३२ × ४१५ × ०.८५ × ०.८५ म्हणजे साधारण ५१९. ७४६ भागिले ५१९, १.४४.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "म्हणजे पॉवर फॅक्टर पडला तर दीड पुरणार नाही." अगदी बरोबर, आणि हे त्याला अक्षरं ठेवली म्हणून दिसलं, आकडा असता तर १.४४ एवढंच दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने ०.७ धरून परत काढून आणलं, १.७४ येतं. सांगितलं नव्हतं, स्वतःहून.

त्यानंतर पॅरललचं सूत्र परत घेतलं. १/आर = १/आर१ + १/आर२ मधून आर२ हवा. १/आर२ = १/आर − १/आर१ = (आर१ − आर)/(आर × आर१), आता दोन्ही बाजू उलट्या करायच्या, आधी उजवीकडचं सगळं एका अपूर्णांकात आणायचं मगच, म्हणून आर२ = आर × आर१/(आर१ − आर). तपासायला आर = ६, आर१ = १० घेतलं, आर२ आला १५, आणि १० आणि १५ पॅरलल म्हणजे १५०/२५, सहा. पहिल्या दिवशी "सगळं उलटं" करणारा मुलगा हाच.

चार व्होल्ट गेले कुठे

दुसऱ्या वर्षाच्या सर्किटच्या विषयात मेश ॲनालिसिस, म्हणजे प्रत्येक लूपचं समीकरण मांडून करंट काढणं, येतं आणि तिथे दोन चलांची समीकरणं लागतात. गंमत अशी की क्रेमरची पद्धत त्याला दहावीची पाठ होती, निश्चयक झटपट काढायचा. पण क्रेमरला समीकरण आधी नीट मांडून द्यावं लागतं, आणि मांडण्यातच कंस असतात.

साधं सर्किट घेतलं. १२ व्होल्टची सप्लाय, २ ओहम सिरीजमध्ये, मग ३ ओहम मधल्या फांदीत आणि त्याला पॅरलल ६ ओहम. पहिल्या लूपचा करंट अ, दुसऱ्याचा ब. पहिला लूप: १२ − २अ − ३(अ − ब) = ०. त्याने कंस सोडवला, १२ − २अ − ३अ − ३ब = ०. दुसरा लूप त्याने बरोबर केला, ६ब + ३(ब − अ) = ०, म्हणजे अ = ३ब. उत्तर काढलं, ब = २/३ अँपिअर, अ = २ अँपिअर. सुटसुटीत उत्तर, दिसायला काहीच वावगं नाही.

मी म्हटलं व्होल्टेज मोज. २ ओहममध्ये २ अँपिअर, ४ व्होल्ट. मधल्या ३ ओहममध्ये अ − ब म्हणजे ४/३ अँपिअर, ४ व्होल्ट. बेरीज ८. सप्लाय १२ ची. तो लगेच म्हणाला, "चार व्होल्ट गेले कुठे?" आणि कोणाला न विचारता ओळी वरून खाली तपासत गेला, अ आणि ब मध्ये आकडे टाकत, दुसऱ्या ओळीवर सापडलं, −३(अ − ब) म्हणजे −३अ + ३ब. मग ५अ − ३ब = १२, अ = ३ब, ब = १, अ = ३. परत मोजलं, ६ आणि ६, बारा. शिवाय ३ आणि ६ पॅरलल म्हणजे २, अधिक २ म्हणजे ४ ओहम, १२ भागिले ४ म्हणजे ३ अँपिअर, असंही त्याने दुसऱ्या बाजूने जुळवून दाखवलं.

माझ्या दृष्टीने तयारी इथे झाली. अजून बराच भाग बाकी होता, पण चुकीचं उत्तर पचवून पुढे जाणारा तो मुलगा आता राहिला नव्हता.

इम्पीडन्सचंही (झेड, म्हणजे एसी सर्किटमधला एकूण अडथळा; त्यात आर रेझिस्टन्सचा आणि एक्स कॉइल-कपॅसिटरचा) इथेच मिटलं. झेड² = आर² + एक्स² यावरून तो झेड = आर + एक्स करायचा, वर्गमूळ प्रत्येकाला वेगळं लावून. आर ३, एक्स ४ घेतलं की झेड ५ येतो, सात नाही. (क्ष + ३)² वालीच चूक ही, फक्त उलट्या दिशेने, हे त्याने स्वतः जोडलं.

अवयव, वर्गसमीकरण हे मी त्यामानाने भरभर घेतलं, कारण त्याचा मुख्य उपयोग त्याला पार्शल फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे एका मोठ्या अपूर्णांकाचे साधे तुकडे करताना, होणार होता आणि तिथे सराव आपोआप होतो. (५क्ष + १)/(क्ष² + क्ष − २) हे एक उदाहरण घ्या. छेदाचे अवयव, गुणाकार −२ आणि बेरीज १ येणारे दोन आकडे, २ आणि −१, म्हणून (क्ष − १)(क्ष + २). मग अ/(क्ष − १) + ब/(क्ष + २) असं मांडायचं, छेद उडवायचे, हे समीकरण आहे म्हणून उडवता येतात, तो स्वतःच म्हणाला! ५क्ष + १ = अ(क्ष + २) + ब(क्ष − १). क्ष = १ टाकला की ६ = ३अ, अ = २. क्ष = −२ टाकला की −९ = −३ब, ब = ३. शेवटी क्ष = १० टाकून तपासणी, मूळ राशी ५१/१०८, आणि २/९ + ३/१२ म्हणजे ५१/१०८ च. या एका उदाहरणात सातवीपासूनचं सगळं येतं, कंस, वजा चिन्ह, अवयव, अपूर्णांकांची बेरीज, समीकरण आणि राशीतला फरक, आणि पुढे लाप्लास उलटा काढताना हेच्या हेच करायचं असतं, क्षच्या जागी एस एवढाच फरक. म्हणून मी म्हणते की एम-३ मध्ये नापास होणाऱ्या मुलाची वही उघडून बघा, लाप्लासच्या टेबलात चूक क्वचित सापडते, चूक सापडते ती याच ओळींमध्ये.

जे झालं नाही तेही लिहिते. शाब्दिक उदाहरणं त्याला अजून जड जातात, वाक्यातून समीकरण उभं करायला तो घाबरतो, सर्किटची आकृती समोर असली की मात्र पटकन करतो. वेग कमी आहे, आकडा टाकून तपासायची सवय पेपरात वेळ घेते, त्यावर आम्ही असं केलं की प्रत्येक ओळ नाही तपासायची, जिथे वजा कंसाबाहेर आहे किंवा छेदात बेरीज आहे त्याच ओळी तपासायच्या, कारण त्याच्या चुका तिथेच होतात. लॉगॅरिदम घ्यायला वेळच उरला नाही. ट्रिगनॉमेट्री फक्त एसी सर्किटला लागेल तेवढी, साइन, कोसाइन आणि फेज अँगल.

पावसाळ्यात त्याने नोकरी सोडली आणि ॲडमिशन घेतली. सर्किटच्या विषयात कॉम्प्लेक्स नंबर आले, (३ + जे४)(३ − जे४) सारखे गुणाकार, जे² = −१. कंस सोडवायचा, मधली दोन पदं उडतात, ९ + १६, पंचवीस. वर्गातले बरेचसे मुलगे पहिलं वर्ष करून आलेले, तरी −१ आणि वजा चिन्ह एकत्र आलं की अडखळत होते, हा त्यांना १० टाकायला सांगू लागला. जे च्या जागी १० टाकून चालत नाही हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळलं, कारण जे² = −१ ही अट दहाला लागू नाही, आणि मग तो फोन करून विचारत होता की इथे तपासायचं कसं. मी सांगितलं, उत्तराला परत एका कंसाने भागून दुसरा कंस येतो का बघ. पंचवीस भागिले (३ + जे४) करायचं म्हणजे छेदातला जे घालवावा लागतो, ते त्याला अजून शिकायचं होतं. रविवारी येतो म्हणाला.